एमपीएससी सोडल्यावर मला नेहमी विचारतात ते प्रश्न, सगळ्यांची उत्तरं एकदाच

हे लिहायचं कारण काय?

कारण दर रविवारी कुणाचा तरी फोन येतोच. कुणाची बहीण पुण्यात आहे, कुणाचा पोरगा चौथ्या अटेम्प्टला आहे, कुणी स्वतःच अभ्यासिकेच्या जिन्यात उभं राहून हळू आवाजात बोलतंय. प्रश्न फिरून फिरून तेच दहा-बारा, म्हणून म्हणलं एकदाच लिहून टाकू. तसं मी आता सोयाबीन खरेदीच्या कामात आहे आणि आमच्या धंद्यात एफएक्यू म्हणलं की नेहमीचे प्रश्न नाही, सोयाबीनचा दर्जा (फेअर ॲव्हरेज क्वालिटी), हमीभाव केंद्रावर माल एफएक्यूमध्ये बसला तरच घेतात, त्यामुळं ह्या पानाला एफएक्यू म्हणताना मला अजून हसू येतं.

किती वर्षं दिली आणि काय काय निघालं?

जून २०१७ ला धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावातून पुण्यात गेले आणि डिसेंबर २०२२ ला परत आले, म्हणजे साडेपाच वर्षं, त्यात लॉकडाऊनचे महिने घरी. राज्यसेवा पूर्व दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. कम्बाइन म्हणजे संयुक्त परीक्षेतून एसटीआयची, राज्यकर निरीक्षकाची, मुख्य दिली, दोन मार्कांनी गेली. ह्या दोन मार्कांवर पुढं बरंच येणार आहे.

पुण्यात महिन्याला खर्च किती यायचा?

माझ्या वेळचं सांगते, आता नक्कीच वाढलं असणार. नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत नुसत्या एका कॉटचं भाडं, अडीच हजार, मेस तीन हजार, अभ्यासिका नऊशे, वर चहा, झेरॉक्स, टेस्ट सिरीज, फॉर्मची फी. सात-आठ हजार धरा. क्लास लावला तर तो वेगळा. मी एकच लावला आणि तोही ग्रुपमधल्या सगळ्यांनी लावला म्हणून.

हे पैसे घरून यायचे का? त्याचं प्रेशर नाही आलं?

घरूनच. अण्णांचं साडेचार एकर, निम्म्याला पाणी, वर दादा पतसंस्थेत. अण्णा महिन्याच्या पाच तारखेच्या आत पाठवायचे, एकदाही चुकलं नाही, आणि खरं सांगू का, चुकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

२०२१ च्या दिवाळीत घरी होते तेव्हा कोनाड्यात अण्णांची लांबोडकी हिशोबाची वही दिसली. उघडली तर पानोपानी "ताई पुणे ७०००", "ताई पुणे ७५००", "ताई फॉर्म". मी येड्यासारखी मोबाईलवर बेरीज करत बसले, तीन लाख सत्त्याऐंशी हजार झाले. त्या आकड्यानं माझी झोपच उडवली. पुण्यात परत गेल्यावर मी रात्रीची मेस बंद केली आणि दीड हजार वाचवते म्हणून स्वतःवर खूश राहिले, वजन सहा किलो उतरलं, दुपारी वाचताना अक्षरं हलायला लागली, तरी घरी काही बोलले नाही, कारण मला वाटायचं की अण्णा माझ्यावर निघणारे पैसे लिहून ठेवतायत.

सगळं उघड झाल्यावर एकदा हे त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "अगं त्या वहीत म्हैस पण आहे." खरंच होती. "ताई पुणे"च्या खाली "पेंड २ पोती", त्याच्या खाली "मोटार रिवायंडिंग", मग "म्हैस डॉक्टर ६००". मी फक्त माझ्याच ओळी वाचल्या होत्या. म्हणे, "म्हशीनं केली का कधी बेरीज?"

आता ह्याचा अर्थ पैशाची ओढाताण नव्हती असा अजिबात नाही, होती, दादाच्या भागात ते येईलच.

ग्रुपचं प्रेशर म्हणजे नक्की काय? तिकडं तर सगळे अभ्यासालाच येतात ना?

हा प्रश्न बहुतेक आईवडील विचारतात, कारण त्यांच्या डोक्यात वाईट संगत म्हणजे सिगारेट, पिक्चर, पोरं. आमच्या ग्रुपमध्ये यातलं काहीच नव्हतं, सगळ्या गुणी पोरी, सकाळी साडेसहाला अभ्यासिकेत. प्रेशर त्या साडेसहाचंच होतं.

कोण किती तास बसलं हे मोजायचं. एकीनं मोबाईलवर स्टॉपवॉच लावायला सुरुवात केली, पाणी प्यायला उठली की थांबवायची, मग आठवड्याभरात आम्ही पाचही जणी तेच करायला लागलो आणि रात्री बारा तास, साडेबारा तास असे आकडे ग्रुपवर टाकायला लागलो. मी कित्येक दिवस नुसती पान उघडून बसलेली आहे, स्टॉपवॉच चालू ठेवून. चारच्या चहाला गेलं की अभ्यास बुडाला असं वाटायचं आणि नाही गेलं की आपल्याला सोडून तिथं काहीतरी महत्त्वाचं बोलणं झालं असं वाटायचं. शेजारणीकडं पॉलिटीचं, म्हणजे राज्यघटनेचं, नवीन पुस्तक दिसलं की आपल्याकडंही पाहिजे, अशी माझ्याकडं एकाच विषयाची चार पुस्तकं झाली आणि पूर्ण एकही वाचून झालं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे पेपरनंतरचे दिवस. पहिली आन्सर की आली की "किती येतायत?" ह्या प्रश्नाला खरं उत्तर देणारं माणूस मी पेठेत पाहिलं नाही. ज्यांना चांगले यायचे ते कमी सांगायचे, दृष्ट लागेल म्हणून, आणि ज्यांना कमी यायचे ते चार-पाच वाढवून, त्यात मी. मग टेलिग्रामवर कटऑफचे अंदाज, ते वाचून पुन्हा पोटात गोळा. म्हणजे खोट्या मार्कांच्या बेरजेवर खोटे कटऑफ आणि त्यावर आमची खरी रडारड.

एक दिवस मात्र वेगळा होता. ५ एप्रिल २०२० ला होणारी राज्यसेवा पूर्व पुढं ढकलत ढकलत १४ मार्च २०२१ वर आली होती आणि ११ मार्चला, तीन दिवस आधी, ती परत पुढं ढकलल्याचं पत्रक आलं. सगळी पेठ रस्त्यावर आली. मी गेले ते ग्रुप गेला म्हणून, आंदोलन वगैरे मला कळत नव्हतं, पण शास्त्री रस्त्यावर अनोळखी पोरीच्या पाठीला पाठ लावून रात्रीपर्यंत बसले होते आणि कुणीही कुणाला किती मार्क, कितवा अटेम्प्ट, काहीच विचारलं नाही. परीक्षा मग २१ मार्चला झाली आणि २२ ला परत आमचं "किती येतायत?" सुरू.

मैत्रिणी पास झाल्या तेव्हा कसं वाटलं? खरं सांग.

खरं सांगायचं तर पोटात दुखलं. आमच्यातली एक पीएसआय झाली. आम्ही दोघी तीन वर्षं एका खोलीत, एका कुकरमध्ये खिचडी लावणाऱ्या. निकालाच्या रात्री मी तिला कडकडून मिठी मारली, पेढे वाटले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. दुसऱ्या दिवशी तिच्या गावात गुलाल, बॅनर, उघड्या जीपमधून मिरवणूक, ते सगळं स्टेटसला. मी प्रत्येक स्टेटसला हार्ट टाकला आणि आठव्या दिवशी तिला म्यूट केलं. पुढं ती अकॅडमीतून फोन करायची, मी उचलायची नाही, "अभ्यासात होते गं" म्हणायची. तिला वाटलं पोस्ट निघाल्यावर आपण बोलायला जड झालोय म्हणून ही टाळतेय. म्हणजे तिनं दोष स्वतःकडं घेतला आणि मी तिला तो घेऊ दिला.

आता बोलतो आम्ही. पूर्वीसारखं नाही, पण बोलतो. तिनंच सांगितलं की मिरवणुकीत तिच्या वडलांनी फेटा बांधलेला तेव्हा तिला पहिला विचार आला तो असा की हे पाच मार्क कमी पडले असते तर हीच माणसं आज काय बोलत असती. मला आधी ते ढोंग वाटलं, नंतर नाही वाटलं.

घरी खरं कसं सांगितलं?

आधी खोटं काय सांगितलं होतं ते सांगते. एसटीआय दोन मार्कांनी गेली तेव्हा आईचा फोन आला आणि माझ्या तोंडातून निघालं, "वेटिंगला आहे." बस्स, एक शब्द. आईनं तो गावभर नेला. मामा साडी घेऊन आले. किराणा दुकानदार अण्णांना "मॅडमचं कुठवर आलं" विचारायला लागला. आठ महिने मी वेटिंगला होते आणि असं कुठलं वेटिंगच नव्हतं. त्या आठ महिन्यांत अभ्यास तर शून्य झाला, कारण डोकं सारखं त्या खोट्याला ठिगळ लावण्यात. निकाल गेल्याचं दुःख मला महिनाभर होतं. बाकीचं सगळं ह्या वेटिंगचं होतं.

डिसेंबर २०२२, न सांगता स्वारगेटहून एसटीत बसले. टेंभुर्णीला गाडी थांबली तेव्हा उतरून परत पुण्याची गाडी धरावी असं दोनदा मनात आलं. घरी पोचले तर अण्णा रानात, कारण थ्री फेज लाईट रात्रीची होती त्या आठवड्यात आणि हरभऱ्याला पाणी चालू होतं. बॅटरी घेऊन तिकडंच गेले. ते दारं धरत होते, अंधारात मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं आणि म्हणूनच मला बोलता आलं असेल. सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, एक सरी भरली, दुसरीकडं पाणी वळवलं, मग म्हणाले, "म्हणजे वेटिंग नव्हतंच?" म्हणलं, नव्हतं. परत गप्प. मग म्हणाले, "आईला उद्या सांगू. आज तिचा उपास आहे."

इथं गोष्ट संपवली तर फार गोड होईल, पण तसं झालं नाही. आई दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी मामांची साडी कपाटातून काढून मला दाखवून परत ठेवली. दादा तीन आठवडे बोलला नाही. त्याचं ट्रॅक्टरचं डाऊन पेमेंट दोन वर्षं माझ्यामुळं पुढं गेलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तो म्हणाला, "नापास झालीस त्याचं काय नाय, पण मी बँकेत ताई लागली की भरतो म्हणून शब्द टाकला होता." यावर मी काय बोलणार.

आणि वहिनी. वहिनीनं एका रात्री भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणलं, "मी पण डीएडला पहिली आलते." एवढंच. वहिनी डीएड करून शिक्षक भरतीची वाट बघत बसलेली, तोवर लग्न झालं, पोरं झाली. साडेपाच वर्षं माझा डबा, माझी लोणच्याची बरणी, माझ्या पिशवीतले लाडू तीच भरून द्यायची आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की वहिनी तुमचं काय झालं. मी स्वतःला घरातली एकटी हरलेली समजून फिरत होते.

मुलीला मुलापेक्षा वेगळं प्रेशर असतं का?

असतं की. पोराला वय दिसतं ते एज बारमुळं, आम्हाला स्थळांमुळं. आमच्याकडं पुण्याला पाठवतानाच "दोन अटेम्प्ट, मग लग्न" असं ठरलं होतं, ते दोनचे तीन, तीनचे चार करून घेताना प्रत्येक वेळी आत्या मध्ये पडायच्या. बायोडाटात शिक्षणाच्या खाली "स्पर्धा परीक्षेची तयारी" लिहिलेलं. एका स्थळानं स्पष्टच निरोप पाठवला होता, "पोस्ट निघाली तर पुढं बघू." आई वाईट वाटून घेत होती, मला वाटलं निदान ह्यांनी रेट तरी तोंडावर सांगितला. गंमत म्हणजे त्या दिवसात मी स्वतःशी पण तसंच बोलायची. पोस्ट निघाली तर बहिणीच्या लग्नात नाचीन, पोस्ट निघाली तर चांगला ड्रेस घेईन. चुलत बहिणीच्या लग्नाला मी गेलेच नाही, अभ्यासिकेत बसले स्टॉपवॉच लावून.

नातेवाईकांनी "सध्या काय चाललंय" विचारलं की काय बोलायचं?

जे चाललंय ते. आणि लगेच त्यांच्या गुडघ्याचं विचारायचं. लोकांना आपल्यापेक्षा त्यांच्या गुडघ्यात जास्त इंटरेस्ट असतो, हे मला फार उशिरा कळलं.

किती अटेम्प्टनंतर थांबावं?

हे मी सांगू शकत नाही आणि जो कुणी आकडा सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. वयाची अट खुल्याला ३८, मागासवर्गीयांना ४३, म्हणजे कायद्यानं तुम्हाला पंधरा-वीस वर्षं बसता येतं आणि तीच भानगड आहे, दार बंद होत नाही. वर नियम बदलतात. माझ्या वेळी सीसॅटचे, म्हणजे पूर्वच्या दुसऱ्या पेपरचे, मार्क मेरिटला धरायचे, आता ३३ टक्के पाडले की झालं. मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे पर्याय निवडायच्या ऐवजी उत्तरं लिहायची, करायचं २०२२ ला ठरलं, २०२३ ला पुण्यात आंदोलन झालं, मग ते २०२५ पासून लागू झालं. प्रत्येक बदलाला वाटतं आता नव्यानं सगळ्यांची सुरुवात सारखी, अजून एकदा देऊ.

मी एवढंच सांगते की तारीख आधी ठरवा, निकालाच्या दिवशी नाही. निकालाच्या दिवशी माणूस काहीही ठरवतो. आणि ती तारीख घरातल्या एका माणसाला माहीत पाहिजे, जो तुम्हाला आठवण करून देईल आणि ओरडणार नाही. माझ्याकडं असा माणूस वहिनी होती, पण मला ते माहीत नव्हतं.

सोडल्यावर लगेच मोकळं वाटलं का?

नाही. चार महिने काहीच वाटलं नाही, हे जास्त बरोबर होईल. सकाळी पाचला जाग यायची आणि करायला काही नसायचं. पेपर हातात घेतला की पेन शोधायचे, चालू घडामोडी अंडरलाईन करायला. गावात कुणी हसलं की माझ्यावरच हसलं असं वाटायचं. अंघोळ करायला पण बळ लागायचं. तालुक्याच्या डॉक्टरबाईंकडं वहिनी घेऊन गेली, त्यांनी गोळ्यांपेक्षा आधी जेवणाचं आणि झोपेचं विचारलं. हे वाचणारं कुणी ह्यापेक्षा वाईट ठिकाणी असेल, नको ते विचार येत असतील तर १४४१६ लावा, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, फुकट आहे, रात्री पण लागते, मराठीत बोलता येतं. मला तेव्हा कुणी हा नंबर दिला नव्हता म्हणून मी सगळ्यांना देत फिरते.

आता काय करतेस आणि पगार किती?

आमच्या भागात एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे, तिथं खरेदी आणि हिशोब बघते. साडेसोळा हजारावर लागले, आता बावीस आहे. पहिल्या पगारातून अण्णांना पाच हजार दिले तर त्यांनी वहीत "ताई जमा ५०००" लिहिलं, पेंडीच्या खाली.

सीझनला सोयाबीन येतं. पोत्यातून नमुना काढायचा, मशीनमध्ये टाकायचा, ओलावा बघायचा. १२ टक्क्यांच्या वर गेलं की हमीभावाला परत, शेतकऱ्याचं तोंड उतरतं. २०२४ च्या सीझनला पाऊस लांबलेला, हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात त्यापेक्षा कितीतरी कमी, लोक वैतागलेले. मग केंद्रानं ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्के केली. आदल्या आठवड्यात मी चौदा टक्के म्हणून परत लावलेला एक काका तीच पोती घेऊन आला, मी तेच मशीन लावलं, तेच चौदा आले आणि माल पास झाला. काका म्हणाले, "काय बदललं गं ह्यात?" मी पावती फाडून दिली. डोक्यात ते दोन मार्क फिरत होते, पण रांगेत मागं सात ट्रॅक्टर होते.

माझी मुलगी किंवा भाऊ तिकडं आहे, घरच्यांनी काय करावं?

मार्क विचारू नका, जेवली का विचारा, आणि ते पण रोज नको. पैशाचं आधीच बसून बोला, किती आणि कुठवर, दादासारखं मनात ठेवून दोन वर्षांनी काढू नका. "आम्ही तुझ्यासाठी पोटाला चिमटा घेतोय" हे वाक्य तर नकोच, तिला ते आधीच माहीत असतं, ती मेस बंद करेल. निकाल लागायच्या आधी गावात काही बोलू नका. आणि मधेच कधीतरी कारण नसताना जाऊन या. अण्णा साडेपाच वर्षांत एकदाही पुण्याला आले नाहीत, अभ्यासात व्यत्यय नको म्हणून, आणि मला वाटायचं त्यांना माझी खोली बघायला लाज वाटत असेल.

पुस्तकांचं काय केलं?

दोन खोकी भरून आणलेली. मी रद्दीत द्यायला काढली तर आईनं दिली नाहीत, "सरस्वती आहे, आणि पैसे पण आहेत," म्हणाली, आणि पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवली, मामांच्या साडीच्या खाली. मागच्या महिन्यात वहिनीनं त्यातलं चालू घडामोडी सोडून बाकी सगळं उपसलं. शिक्षक भरतीची परीक्षा द्यायची म्हणते. दादा म्हणला, फॉर्मची फी मी भरतो. अण्णांनी वहीत वरच्या कोपऱ्यात नवीन नाव घातलंय, आणि रात्री भाकरी आता मी थापते, वाईटच होतात.